मधलं बटण आणि सातच्या बातम्या

९ ऑक्टोबर २००६, सोमवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. मार्चमध्ये माझ्या टंकलेखन वर्गाला कुलूप लागलं तेव्हापासून लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय. मी ‘पनवेल नजर’ या केबल चॅनलमध्ये बातम्या टाइप करायला लागलो आहे.

चॅनल म्हणजे टपाल नाक्याजवळ एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॅमेरा, दोन हॅलोजनचे दिवे आणि निळा पडदा. मागच्या खोलीत मी, कॉम्प्युटर आणि न धुतलेले चहाचे ग्लास. मालक ओवेस, वय बत्तीस, माझाच विद्यार्थी. मिनिटाला तीस शब्दांच्या मराठी टंकलेखन परीक्षेत दोनदा नापास झालेला. आता तो मला कामावर ठेवतो आणि तरी ‘सर’ म्हणतो, हे त्याच्या आईवडिलांचे संस्कार.

“सर, तुम्ही फक्त टायपिंग बघा. बाकी सगळं टेन्शन माझं,” म्हणाला.

कीबोर्ड मिळमिळीत आहे. सव्वीस वर्षं टाइपरायटर ठोकलेल्या बोटांना त्यात काही दमच वाटत नाही. मी कळ दाबतो म्हणजे दाबतो. संध्याकाळपर्यंत स्पेसबार निघाला. ओवेसनं चिकटपट्टी लावली आणि हळू दाबायला सांगितलं. टंकलेखनातलं त्याला किती कळतं हे दोनदा सिद्ध झालेलं आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

बातम्या वाचते मिताली. पंचविशीची, मराठी घेऊन बी.ए., आवाज खणखणीत. एकच खोड आहे. कागद नाकाला टेकेल इतका जवळ धरून वाचते. प्रेक्षकांना आवाज ऐकू येतो आणि कागदाची पाठ दिसते. “बाई आहे तरी कोण?” असे रोज दोन-तीन फोन येतात. तिच्या आधीची मुलगी चष्मा लावायची. तिच्या काचांत दोन्ही हॅलोजन आणि मधोमध शर्ट बदलणारा ओवेस दिसायचा, म्हणून तिला काढली. चष्मेवाली नको, हा तेव्हापासून चॅनलचा नियम आहे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

शोध लागला! माझ्या हातून लागला, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण उद्यापासून ओवेस स्वतःचं नाव सांगेल.

माऊसच्या दोन बटणांच्या मधे एक चाक असतं. ते फिरवलं की पान सरकतं, एवढं मला ठाऊक होतं. आज फिरवताना बोट सवयीनं जोरात पडलं. चाक आत गेलं, टक् झालं, आणि पडद्यावर वर-खाली बाण असलेलं एक गोल चिन्ह उमटलं. मी घाबरून माऊस जरा खाली ओढला, तर पान आपोआप वर चढायला लागलं! माऊस आणखी खाली घेतला की वेगात, चिन्हाजवळ आणला की सावकाश. म्हणजे ते चाक हे नुसतं चाक नाही. ते मधलं बटण आहे.

ओवेसला दाखवलं. त्यानं स्वतः दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाला, “सर, मोठ्या चॅनलवाले असंच मशीन लावतात कॅमेऱ्यासमोर. अँकर समोर बघून वाचते. लाखाचं असतं ते. तुम्ही फुकटात बनवलं!”

लगेच मॉनिटर पुढच्या खोलीत नेला आणि बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांवर कॅमेऱ्याच्या खाली ठेवला. मी त्याच्या बाजूला स्टुलावर, डावीकडे कीबोर्ड, गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर माऊस. मितालीची खुर्ची सात फुटांवर.

मितालीनं खुर्चीत बसून पाहिलं. मग तिनं विचारलं, “अक्षरं एवढीच राहणार का सर?” मी म्हटलं, अठरा पॉइंट म्हणजे सभ्य माणसाचं अक्षर, याहून मोठं लिहिणं म्हणजे ओरडणं. तिनं मान डोलावली. “मला चार वाजता छापील प्रत मिळेल ना? फाइलला ठेवायला?” फाइल ठेवणारी मुलगी हल्ली दिसते कुठे? मला फार बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं बातमीपत्र माझ्या बोटावर झालं. अकरा मिनिटं मिताली थेट कॅमेऱ्याकडे बघत होती, कागदाला हात नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला ट्रकांचा खोळंबा, पाणीकपात, एक निधन, एक वाढदिवस. ओवेसनं बाहेर येऊन मला मिठी मारली.

एक नोंद. मिताली चार ते पावणेसात गच्चीवर येरझाऱ्या घालत काहीतरी पुटपुटत असते. स्तोत्र म्हणत असावी. कामाआधी देवाचं नाव घेतलेलं चांगलंच.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

वेगाचं शास्त्र बसवतो आहे. निधनवार्तेला माऊस चिन्हापासून गव्हाच्या दाण्याइतका खाली. पाणीपुरवठ्याला बोटभर. क्रीडावार्तेला चांगली दोन बोटं. पण मिताली सगळं एकाच वेगात वाचते! आज कबड्डीची बातमी मी झपाट्यानं सोडली, ती संपून पुढची श्रद्धांजली पडद्यावर आली, आणि ही आपली अजून कबड्डीतच. मी नंतर तिला नीट समजावलं की यंत्रामागे माणसानं जायचं असतं.

“हो सर. पुढच्या वेळी लक्ष ठेवीन,” म्हणाली. नम्र मुलगी आहे.

माझ्याही एका सवयीचा त्रास होतो. ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा ओढायला जावा तसा डावा हात आपोआप पुढे जातो आणि एंटर मारतो. कुठलीही कळ दाबली की पान जागच्या जागी थांबतं. आज नऊ वेळा थांबलं. मितालीनं एकदाही वाचन तुटू दिलं नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीचा चिवडा अजून उरलाय आणि उद्या ईद, तर ओवेसच्या आईनं आजच शेवया पाठवल्या. दोन्ही खाऊन बातम्यांना बसलो. पाणीकपात चालू असताना चिवड्यातली मिरची नाकात चढली आणि अशी शिंक आली की माऊस गुडघ्यावरून खाली. सगळं बातमीपत्र सर्रकन वर गेलं. पडद्यावर राहिलं फक्त शेवटचं ‘नमस्कार’.

पाच बातम्या शिल्लक होत्या. मिताली शांतपणे पाचही वाचून मोकळी झाली, आकड्यांसकट.

घरी येताना विचार केला. पान वर गेलं त्या एका क्षणात तिनं सगळं टिपलं असणार. इतकी तीक्ष्ण नजर मी आयुष्यात पाहिली नाही. शोभाला सांगितलं. शोभा, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “एका क्षणात? तुम्हाला खरंच तसं वाटतं?” तिला तांत्रिक विषयात गती नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

ओवेसच्या सांगण्यावरून मधल्या बटणाची पूर्ण तपासणी केली, कारण हे बटण प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळं वागतं. पत्रं लिहायच्या प्रोग्राममध्ये गुणी. आकड्यांच्या चौकटीतही चालतं, पण तिथे जरा हात तिरका झाला की पान उजवीकडे पळतं आणि रिकाम्या चौकटी संपतच नाहीत. मी ‘झेड’पर्यंत पाठलाग केला, पुढे ‘एए’ लागलं, मग नाद सोडला. नोटपॅडमध्ये चाक फिरतं, पण दाबलं तर ढिम्म. पत्त्यांच्या खेळातही काही होत नाही (हे केवळ तपासणीसाठी पाहिलं, दोन तास).

इंटरनेटवर मात्र बटण विश्वासघातकी आहे. मोकळ्या जागी दाबलं तर पान सरकतं. निळ्या अक्षरांवर दाबलं तर दुसरंच पान उघडतं. हे मला आज ऐन बातम्यांत कळलं, कारण ओवेसनं बातम्या ई-मेलनं पाठवल्या होत्या आणि मी त्या तिथेच उघडल्या. करंजा बंदरातल्या मासळी लिलावाची बातमी सुरू होती, माझं बटण निळ्यावर पडलं, आणि पडद्यावर केस गळण्यावरच्या तेलाची जाहिरात पसरली. टक्कल असलेला एक गृहस्थ, पडदाभर.

मिताली त्या गृहस्थाकडे बघत सुरमईचा भाव सांगत राहिली. तोंडावरची रेषही हलली नाही. तिला एवढं प्रसंगावधान मी शिकवलं नसेल, पण माझ्या सहवासाचा भाग असणारच.

२० नोव्हेंबर, सोमवार

गव्हाणहून ठमाबाई नावाच्या बाईंचा फोन. रोज बघतात म्हणे. मीच उचलला.

“त्या पोरीला दे.”

“मिताली गच्चीवर आहे. मी तांत्रिक विभाग बोलतोय.”

“मंग तूच सांग. ती बातमी वाचते का पाट म्हनते? तिचे डोले अजिबात हालत नाय. आमी पन पोथी वाचतो, आमचे डोले हालतात.”

मी त्यांना समजावून सांगितलं की पूर्वी डोळे अक्षरांकडे जात, आता मधल्या बटणामुळे अक्षरं डोळ्यांकडे येतात, त्यामुळे डोळ्यांना काही काम उरत नाही.

“नाय रं बाबा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

४ डिसेंबर, सोमवार

मितालीचा आदर बघून मन भरून येतं. आज आल्या आल्या तिनं खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटाला वाकून “नमस्कार सर” केला. मी कोटाच्या शेजारीच उभा होतो. माणसाच्या वस्तूंनाही मान देणाऱ्या किती मुली उरल्या आहेत?

१८ डिसेंबर, सोमवार

आजची बातमी मोठी आहे आणि मला ती आवडलेली नाही.

पनवेलच्या किरकोळ व्यापारी मंडळाची निवडणूक सात जानेवारीला. एकवीस जागा, त्रेपन्न उमेदवार. आमच्या जाहिराती देणारे सगळे त्या त्रेपन्नांत आहेत. ओवेसचे बद्रुद्दीन मामूही उभे आहेत, खाली भांड्यांचं दुकान त्यांचंच. ओवेस मतमोजणी थेट दाखवणार. शाळेच्या हॉलमधून निकाल फोनवर यायचे, मी टाइप करायचे, मितालीनं वाचायचे. तीन तास.

“सर, एक जरी निकाल उलटा गेला तर हे सगळे लोक मला जिवंत सोडणार नाहीत. आणि मामू तर घरात येऊन मारतील.” मग जरा चाचरत म्हणाला, “मुंबईचा एक माणूस खरं मशीन भाड्यानं देतोय. त्याचा ऑपरेटर त्याच्यासोबतच येतो. आता मी तुमच्यावरच सोपवतो. पण त्या दिवशी गडबड झाली ना, तर जानेवारीपासून ते मशीन लावावं लागेल. टायपिंग तर मी पण करतो थोडंफार.”

तो करतो थोडंफार! तीस शब्दांना!

पण खरं लिहितो. मला भीती वाटली. पुन्हा घरी बसायचं नाही मला. मार्च ते सप्टेंबर मी शोभाच्या डब्यांना टाइप केलेली लेबलं लावत होतो. साखर, रवा, मीठ. सगळे डबे संपले तेव्हा ‘खिडकी’ असं टाइप करून खिडकीला लावलं. शोभानं काही न बोलता ते काढून टाकलं, आणि तेच मला जास्त लागलं.

मितालीनं ओवेसला विचारलं, “निकाल आदल्या दिवशी नाही का मिळणार?” आम्ही दोघं पोट धरून हसलो. ती हसली नाही.

२ जानेवारी २००७, मंगळवार

संध्याकाळी मिताली घरी आली. बेल वाजली, शोभानं दार उघडलं, आणि मिताली डोळ्यांवर चष्मा लावून उभी. काचा बाटलीच्या बुडासारख्या.

पाणी प्यायली आणि एका दमात म्हणाली, “सर, मी सात तारखेला येणार नाही. मला पडद्यावरचं काही दिसत नाही. पहिल्या दिवसापासून नाही दिसलं. मायनस साडेपाच आहे. लेन्स लावली की त्या हॅलोजनमध्ये डोळ्यांतून धारा लागतात. ओवेसभाईंनी आधीच्या मुलीला चष्म्यावरून काढलं, म्हणून मी नंबर नाही असं सांगितलं.”

“मग वाचतेस कशी?”

“पाठ करते. चार वाजता तुम्ही प्रत देता ना, ती.”

मी विचारलं, “रोज? सगळं?”

“रोज. सगळं. पण निकाल कसे पाठ करू? ते तर त्याच वेळी येणार.” आणि रडायला लागली. “मला हे काम सोडायचं नाही सर. एस.टी.त बायका मला जागा देतात. सांगतात, ही आपली बातम्यांची मुलगी.”

शोभानं तिला जवळ घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “बोला ना काहीतरी.” मी म्हटलं, “मग शिंक आली त्या दिवशी?” मिताली म्हणाली, “तुम्हाला शिंक आली होती, एवढंच ऐकलं.”

३ जानेवारी, बुधवार

कामावर गेलो नाही. पोट बिघडलं असं कळवलं. पोट ठणठणीत आहे.

गव्हाचा दाणा, बोटभर, दोन बोटं. तीन महिने. मी तिथे बसून कोणासाठी पान सरकवत होतो?

शोभा म्हणाली, “तिनं तीन महिने तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही रोज किती खूश होऊन घरी येत होतात.” मी म्हटलं, हे तुला कसं माहीत? तर म्हणे मिताली तिला ऑक्टोबरातच बाजारात भेटली होती, चष्म्यात. म्हणजे सगळ्या पनवेलला ठाऊक, फक्त तांत्रिक विभागाला नाही.

मी रागावून जेवलो नाही. नऊ वाजता जेवलो.

४ जानेवारी, गुरुवार

सकाळी अकरालाच ऑफिसात गेलो, मितालीला बोलावून घेतलं. ओवेस मतमोजणीच्या हॉलची वायर बघायला गेला होता. तिला खुर्चीत बसवलं, चष्मा काढायला लावला, आणि पडद्यावर अक्षरं मोठी करत गेलो.

छत्तीस. “काहीतरी काळं आहे.”

अठ्ठेचाळीस. “ओळी आहेत, हे कळतंय.”

बहात्तर. यादीतलं शेवटचं माप. “पहिला शब्द ‘पनवेल’ का?” शब्द ‘पाणीपुरवठा’ होता.

त्यापुढे यादी संपते, पण मी संपलो नव्हतो. चौकटीत स्वतः आकडा टाइप केला. एकशे दहा. मितालीनं डोळे बारीक केले आणि वाचलं, “पाणीपुरवठा आज दुपारी बंद.”

मी उठून उभा राहिलो, आणि ती पण.

अडचण अशी की या मापात एका ओळीत दोन शब्द बसतात आणि पडद्यावर तीन ओळी. म्हणजे सहा शब्द दिसतात आणि बाकी सगळं माझ्या बटणावर. जरा जोरात गेलं तर अर्धं नाव उडणार, आणि हळू गेलं तर ती वाट बघत बसणार. पहिल्या फेरीला मी इतकं झपाट्यानं सोडलं की ती म्हणाली, “सर, थांबा, थांबा, कोण निवडून आलं?” दुसऱ्या फेरीला डाव्या हातानं एंटर मारला. तिसऱ्या फेरीपासून मी डाव्या हातावर बसलो. हात सुन्न झाला, पण गप्प बसला.

अठरा फेऱ्या केल्या. वेगाचं जुनं शास्त्र सगळं चुकीचं निघालं. माऊसकडे बघायचंच नाही. तिच्या श्वासाकडे कान ठेवायचा आणि श्वास घेते तिथे चिन्हाजवळ परत यायचं.

ओवेसला सांगायचं नाही, असं तिनं वचन घेतलं. दिलं.

६ जानेवारी, शनिवार

उद्या. शोभानं माऊस घरी आणायला लावला आणि मला पुठ्ठ्यावर सराव करायला बसवलं. स्वतः समोर बसून डब्यांवरची लेबलं वाचून दाखवत होती आणि मी तिच्या श्वासाला हात थांबवत होतो. “हळद,” म्हणाली, “आता मी थांबले, तुम्ही पुढे का गेलात?” तिला तांत्रिक विषयात गती आहे, हे मी मान्य करतो.

७ जानेवारी, रविवार

चार वाजता सुरू झालं. फोन वाजला की ओवेस मागच्या खोलीत निकाल चिठ्ठीवर लिहायचा आणि धावत आणून द्यायचा. जाहिरात लागली की मी टाइप करायचो. टंकलेखनात अजून माझा हात धरणारा पनवेलमध्ये कोणी नाही, चिठ्ठी हातात पडल्यापासून मिनिटात निकाल तयार. मग डाव्या हातावर बसायचं, मधलं बटण दाबायचं आणि ऐकत राहायचं.

पहिले दोन निकाल मी जरा जास्तच हळू सोडले. मितालीनं दोन्ही नीट वाचले. चौथ्याला मला कळलं की आपण ठीक चाललो आहोत. ती श्वास घेई, मी थांबे. मी सोडी, ती बोले. समोर जे होतं तेच ती वाचत होती, आणि पुढे काय येणार हे तिला माहीत नव्हतं. मला एकट्याला माहीत होतं. या चॅनलवर तीन महिन्यांत असं एकदाही झालेलं नव्हतं.

सतरा निकाल बिनचूक गेले. अठरावा बद्रुद्दीन मामूंचा.

मिताली वाचायला लागली, “भांडी विभाग. बद्रुद्दीन यांना एकशे बारा मतं मिळाली असून ते...” आणि का कोण जाणे, मी तिच्याकडे बघितलं. पार पुढे वाकून, सगळा जीव त्या पडद्यावर लावून ती पुढच्या शब्दाची वाट बघत होती. मी सरकवल्याशिवाय तो शब्द तिला मिळणार नव्हता. माझे डोळे भरून आले आणि हात आपोआप चिन्हाजवळ आला. पान थांबलं.

मिताली पण थांबली. थेट प्रक्षेपणात. अख्खं पनवेल बघत असताना. “ते...”

किती वेळ गेला सांगता येत नाही. ओवेस म्हणतो सहा सेकंद. खालच्या दुकानातून एकदम आरडाओरडा झाला आणि फटाक्यांची माळ लागली. मामूंच्या लोकांना वाटलं, एवढं थांबून सांगतात म्हणजे जिंकले! मी भानावर आलो, माऊस खाली घेतला, आणि मिताली फटाक्यांच्या आवाजात म्हणाली, “...पराभूत झाले आहेत.”

माळ लांबलचक होती. थांबवता येईना.

उरलेले तीन निकाल सुरळीत पार पडले. मग ओवेस बाहेर आला. चेहरा लाल. खाली मामू हार घालून बसले होते आणि हार काढायला तयार नव्हते.

“सर, हे काय केलंत? मामूंच्याच निकालाला? अम्मीचा फोन आला, घरी पेढे वाटून झाले!” मिताली मधे बोलायला गेली, मी तिला हातानं गप्प केलं. म्हटलं, “तिची काही चूक नाही. पान माझ्याकडून थांबलं. ती बिचारी काय करणार, जेवढं दिसलं तेवढं वाचलं तिनं.”

ओवेसनं कपाळाला हात लावला, दोन मिनिटं फेऱ्या मारल्या आणि शेवटी खुर्चीत बसला. “जाऊ दे. एका गडबडीवरून मी तुम्हाला घालवणार नाही. तीन महिने तुमचं काम एकदम परफेक्ट होतं सर, माणूस आहे, एखाद वेळी चुकतो. उद्या वेळेवर या. पण लक्षात ठेवा, आज पहिल्यांदाच तुमच्यामुळे बातमी अडली.”

मी हो म्हटलं. जिन्यावर मितालीनं पर्समधून चष्मा काढून लावला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि आम्ही दोघं खाली उतरलो.

घरी येऊन शोभाला सांगितलं, शिरा कर, साजूक तुपातला, केळं घालून.

“काय झालं? जमलं का?”

“चूक झाली,” म्हटलं. “माझ्यामुळे बातमी अडली. ओवेस स्वतः म्हणाला.”